वरळीचा किल्ला कोणाचा, आणि तो एवढासा का?

वरळी कोळीवाडा हे तुमचं आजोळ. गावाच्या टोकावरच्या किल्ल्याला आजोबा पहिल्यापासून ‘पोर्तुगीजांचा किल्ला’ म्हणत आले, पण कॉलेजातल्या सरांनी तो इंग्रजांचा असल्याचं सांगितलं. दहा मिनिटांत फिरून होणाऱ्या या किल्ल्याने मुंबईचं रक्षण कसं केलं असेल, असंही तुम्ही विचारलंय. शिवाय मंडळातली मुलं वर्गणी काढून ढासळलेले दगड सिमेंटने पुन्हा बसवायला निघाली आहेत, ते करावं का, हा तुमचा तिसरा प्रश्न. मी जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलं आहे. मुंबईतल्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या तटांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरताना जे वाचलं आणि हातांना जे कळलं, त्यावरून उत्तर देतो. मुलांनी काम सुरू केलं असेल तर आधी ते थांबवा. त्याचं कारण शेवटी सांगतो.

किल्ला इंग्रजांचा. साल १६७५च्या आसपासचं धरतात. तरीही आजोबांशी वाद घालू नका. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर ही बेटं पोर्तुगीजांना दिली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं तेव्हा मुंबई आंदणात गेली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडलं आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली. म्हणजे इथे सव्वाशेहून जास्त वर्षं फिरंग्यांचा अंमल होता. समोर वांद्र्याच्या टोकावरचा किल्ला तर खरोखर पोर्तुगीजांचाच आहे, १६४० सालचा. गोऱ्यांनी बांधलेली, कमानीची, जुनी दगडी वास्तू म्हणजे पोर्तुगीजांची, ही किनाऱ्यावरच्या लोकांची आठवण अगदीच चुकीची नाही. एवढंच, की या एका किल्ल्याला ती लागू पडत नाही.

किल्ला एवढासा का, हे समजायला मात्र आजची मुंबई थोडा वेळ विसरावी लागेल. तेव्हा वरळी हे वेगळं बेट होतं. महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि आज जिथे चाळी, गिरण्यांच्या जागा आणि टॉवर उभे आहेत, तिथवर पसरायचं. हे खिंडार बुजवणारा बांध १७८४च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे किल्ल्याच्या पहिल्या शंभर वर्षांत पहाऱ्यावरच्या शिपायाच्या मागेही पाणी होतं आणि पुढेही.

मला तरुणपणी एका जुन्या गवंड्याने एक सवय लावली. कुठल्याही किल्ल्यात शिरलं की आधी विचारायचं, याची पाठ कुठे आणि तोंड कुठे? तट कुठल्या बाजूला जाड आहे, बुरुज कुठे पुढे आलेत, दरवाजा कुठल्या अंगाला लपवलाय, ते बघायचं. बांधणाऱ्याला कोणाची भीती होती ते यावरून कळतं. मुंबईचे किल्ले असे बघत गेलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की हे सुटे किल्ले नाहीतच. वरळी, माहीम, काळा किल्ला, शीव, शिवडी, माझगाव, डोंगरी आणि दक्षिणेला मुख्य कोट, अशी ही बेटांना घातलेली एक माळ आहे. मधला दोरा होता तो नजरेचा, निशाणांचा आणि होड्यांचा. रायगड किंवा सिंधुदुर्ग मनात ठेवून वरळीच्या किल्ल्याकडे पाहिलं तर तो केविलवाणाच वाटणार. माळेतला एक मणी म्हणून पाहिलं की त्याचं माप बरोबर आहे.

आता तुमच्याच बुरुजावर उभे राहा. समोर उत्तरेला वांद्र्याचं टोक, उजव्या हाताला माहीमची खाडी, मध्ये सगळा उपसागर. सी लिंक या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, जोडरस्ते धरून त्याची लांबी ५.६ किलोमीटर आहे. त्या काळातल्या तोफेचा गोळा फार तर दीड-दोन किलोमीटर जाई आणि नेम धरून मारा करायचा तर काहीशे मीटरच. म्हणजे वरळीच्या तोफांनी हा उपसागर बंद होत नव्हता आणि बांधणाऱ्यांचीही तशी अपेक्षा नसणार. या किल्ल्याचं खरं काम पाहण्याचं होतं. शिडं दिसली की इशारा करायचा, माहीमच्या चौकीला सावध करायचं आणि एखादं गलबत या टोकाला चिकटून आत यायला लागलं तर तेवढ्यापुरता मारा करायचा. अशा कामाला वीस-पंचवीस माणसं आणि मोजक्या तोफा पुरतात. त्यांना पाणी, दारूगोळा आणि डोक्यावर छप्पर मिळेल एवढीच जागा लागते, आणि किल्ल्यात तेवढीच आहे.

पहारा तरी कोणावर? १६७३ साली डचांचं आरमार रिक्लॉफ व्हान गून्सच्या हाताखाली मुंबईसमोर येऊन उभं राहिलं होतं. तेव्हाचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने तयारी अशी ठेवली की डचांनी उतरायचं टाळलं. मुंबईच्या तटबंदीचं श्रेय खऱ्या अर्थाने या माणसाला जातं. १६६९ ते १६७७ हा त्याचा काळ आणि शीवची टेकडीही त्याच काळात तटबंद झाली. पण नुसत्या दगडांनी बेट राखता येत नाही हे त्याला कळलं होतं. इथल्या जमीनदारांकडून माणसं घेऊन त्याने सुमारे ६०० जणांची शिबंदी उभी केली. त्यांत भंडारी मोठ्या संख्येने होते आणि माहीम, शिवडी, शीव, माझगाव, गिरगाव इथे त्यांच्या तुकड्या सुभेदारांच्या हाताखाली असत. मुंबईचे किल्ले म्हटलं की सगळे गोऱ्या गव्हर्नरांची नावं घेतात. उन्हापावसात रात्रीचा पहारा इथल्याच माणसांनी दिला, हे तुमच्या गावातल्या मुलांना जरूर सांगा.

ऑन्जियर गेल्यावर दोनच वर्षांत समुद्राने या लोकांना हादरा दिला. १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशीच आहे आणि स्वच्छ हवेत तिथून बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज दिसतं. महाराजांच्या आरमाराचा सरदार मायनाक भंडारी बेट धरून बसला होता. दुसरा सरदार दौलतखान, त्याच्या गुराबा (तोफांची मोठी शिडाची जहाजं) आणि गलबतं किनाऱ्याच्या आडोशाने रसद पोचवत होती. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून नाकेबंदी केली, पण मराठ्यांची उथळ तळाची, चपळ गलबतं त्यांच्या हाती लागेनात. ऑक्टोबरातल्या लढाईत ‘डोव्ह’ नावाची त्यांची गुराबच मराठ्यांनी पकडली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून माघार घेतली. शेजारच्या उंदेरीवर जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला. तीच खांदेरी २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून.

शिवडी आणि माझगावच्या किल्ल्यांचं साल १६८० देतात. खांदेरीनंतरचं लगेचचं वर्ष. पण ही ठिकाणं पूर्वेच्या अंगाला, बंदराच्या आतल्या बाजूला आहेत. तिथली डोकेदुखी होती सिद्दीची. मोगलांचा दर्यासारंग म्हणून तो पावसाळ्यात आपलं आरमार मुंबईच्या बंदरात नांगरून ठेवी आणि इथूनच पेण-नागोठण्याकडच्या मराठी मुलखावर धाडी घाली. इंग्रजांना तो नकोसा होता, पण औरंगजेबाला दुखवायची हिंमत नव्हती. शेवटी इंग्रजांनीच मोगलांशी भांडण उकरून काढलं आणि १६८९च्या फेब्रुवारीत सिद्दी याकूतखान रातोरात शिवडीला उतरला. त्याच्याबरोबर वीस हजार माणसं होती असं त्या काळचं वर्णन आहे.

शिवडी गेली. माझगावची शिबंदी किल्ला टाकून पळाली. माहीमही गेलं. सगळं बेट सिद्दीच्या हातात आणि गव्हर्नर कोटात कोंडलेला, असं वर्षभराहून जास्त चाललं. कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे १६९०च्या जूनमध्ये सिद्दी निघाला आणि जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला. आज त्या जागी भंडारवाड्याच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे.

एवढी माळ असून ती तुटली का, हा प्रश्न मी शिवडीच्या दरवाजात उभा राहून अनेकदा स्वतःला विचारलाय. तिथे नक्की जा. बाहेरच्या दरवाजातून आत शिरलं की समोर भिंत येते आणि आतला दरवाजा काटकोनात सापडतो. धावत आलेल्या माणसाला तिथे वळावंच लागतं, आणि वळताना त्याचा वेग मोडतो, ढाल नसलेली बाजू उघडी पडते. बांधणाराला युद्ध कळत होतं. खाली खाडीकडे पाहिलं की ओहोटीला दूरवर चिखल दिसतो, हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात. मुंबईच्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीला त्या चिखलात माणूस गुडघाभर रुततो, होडी तर हलतच नाही. म्हणजे शत्रू येणार तो भरतीलाच, आणि तेवढेच काही तास डोळ्यांत तेल घालून बसायचं. चौकीची जागा अचूक निवडली होती. पण इशारा देणारी चौकी तेव्हाच उपयोगी, जेव्हा इशारा मिळाल्यावर धावून येणारं कोणी असतं. १६८९ साली कोटात ते बळच नव्हतं. किल्ला लहान होता म्हणून मुंबई पडली असं कोणी म्हटलं तर ते मला पटत नाही.

माहीमबद्दल थोडं. मूळ चौकी पोर्तुगीज काळातली आणि १६८४ साली सर टॉमस ग्रँथमने ती मजबूत केली असं सांगतात. हा ग्रँथम मुंबईत आला होता एक बंड मिटवायला. कंपनीच्या पगारकपातीला कंटाळून रिचर्ड केग्विन या अधिकाऱ्याने डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईच ताब्यात घेतली होती आणि जवळजवळ वर्षभर राजाच्या नावाने चालवली. खांदेरीच्या लढाईत इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’ जहाजावर होता तो हाच केग्विन. किनाऱ्याचा इतिहास वाचताना अशी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात आणि सनावळ्या एकदम जिवंत होतात.

अठराव्या शतकात माळेचं तोंड फिरलं. धारावीत जाणाऱ्या बसच्या पाटीवर ‘काळा किल्ला’ वाचला असेल. तो किल्ला खरंच आहे, मिठीच्या काठी, वस्तीत अडकलेला. त्याच्या भिंतीतल्या शिळेवर गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकुमाने १७३७ साली बांधल्याचं कोरलंय. १७३७ हे साल मराठी माणसाला सांगावं लागू नये. त्याच वसंतात चिमाजी अप्पांच्या फौजांनी ठाणं घेतलं आणि साष्टीत, म्हणजे खाडीपलीकडच्या बेटावर, पाय रोवले. खाडीच्या या काठावर इंग्रज होते. पलीकडे आता दुबळे पोर्तुगीज नव्हते, मराठे होते. त्या शिळेवर भीतीचं नाव लिहिलेलं नाही, पण तारीख लिहिली आहे, आणि मला तेवढी पुरते.

मे १७३९ मध्ये वसई पडली. त्याच धामधुमीत वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्याने पाडून टाकण्यात आला. आज तिथे दिसतात ते त्याचेच अवशेष. मुंबईच्या कोटाला १७१६ पासून भिंत होती, पण तेवढ्यावर आता कोणाला झोप येईना. भोवती खंदक खणायचं ठरलं, तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तीस हजार रुपये दिले. व्यापारी आपणहून पैसे काढतो तेव्हा भीती किती खरी असेल ते समजावं.

पण मराठे मुंबईवर आले नाहीत. पुढे १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. त्या दिवशी शीव, काळा किल्ला, माहीम यांचं काम संपलं, कारण पलीकडच्या काठावर आता शत्रूच उरला नाही. जी खाडी आडवी यावी म्हणून राखली, तिच्यावरच रस्ते झाले. आधी शीवला, मग १८४५ साली माहीमला. माहीमच्या रस्त्याला अवाबाई जमशेटजी जीजीभाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. १८५३ची पहिली आगगाडी शीववरूनच ठाण्याला गेली. १८६०च्या दशकात बार्टल फ्रिअरने मुख्य कोटाच्या भिंतीही पाडल्या. नावं तेवढी राहिली, फोर्ट आणि चर्चगेट. शिवडीच्या किल्ल्यात कैदी ठेवले, पुढे ते गोदाम झालं. माहीमच्या किल्ल्यात तर वस्तीच उभी राहिली. ती हलवून कुटुंबांचं पुनर्वसन करायला २०२३ साल उजाडलं.

आता सिमेंट.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका तटाची पाहणी करायला मला बोलावलं होतं. ठेकेदाराने आठ-दहा वर्षांपूर्वी सगळ्या दर्जा सिमेंटने भरल्या होत्या. लांबून भिंत नवी दिसत होती. जवळ गेलो. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा, कडक, आणि त्यांच्या मधला दगड आत गेलेला. बोट फिरवलं तर पापुद्रा निघाला आणि मागे पांढरी पूड. जिभेला लावली, खारट. मी एका दर्जेतलं सिमेंट छिन्नीने काढलं, तर मागचा जुना चुना ओल्या रव्यासारखा हातात आला.

कारण समजायला सोपं आहे. समुद्राकाठची भिंत सतत खारं पाणी पिते. चुन्याची दर्जा सच्छिद्र असते, त्यामुळे भिंतीतली ओल तिच्यातून बाहेर पडते आणि मीठही तिथेच येऊन फुटतं. झीज होते ती दर्जेची. ती दर वीस-तीस वर्षांनी पुन्हा भरायची, दगड शाबूत राहतो. सिमेंटने तो रस्ता बंद केला की ओल दगडातून वाट काढते, मीठ दगडाच्या पोटात साठतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. काळा दगड टणक असतो, पण मुंबईत कुठे कुठे पिवळसर मऊ दगडही वापरलाय, तो तर पाच-सात पावसाळ्यांत खाल्ला जातो. शिवाय जुना तट म्हणजे दोन दगडी अंगं आणि मधे चुन्यातला भराव. ऊन-पावसात तो किंचित हलतो. चुना ते हलणं सोसतो, बारीक तडा गेला तरी पुन्हा धरतो. सिमेंट हलत नाही, मग दगड फुटतो.

जुन्या लोकांनी चुना कसा केला तेही बघा. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे, तो पाण्यात विरवून मुरत ठेवायचे, मग वाळू किंवा सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात दळायचे. कुठे गूळ, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचं पाणी. माहीमच्या बाजूला एकदा दर्जेत शिंपल्याचा एक न विरलेला तुकडा दिसला होता, नखाएवढा, आतून अजून चमकत होता. भट्टीत नीट न भाजलेला तो शिंपला गवंड्याने तसाच लिंपून टाकला होता.

तेव्हा मंडळातल्या मुलांना सांगा, हेतू उत्तम आहे, हात आवरा. ही वारसा वास्तू आहे, परवानगीशिवाय दगड बसवणंही कायद्यात बसत नाही. गावातर्फे पुरातत्त्व विभागाला आणि पालिकेच्या वारसा समितीला अर्ज करा, फोटो जोडा. तोवर तुमच्या हातात बरंच आहे. आतला प्लास्टिकचा कचरा काढा. पाणी वाहून जायच्या मोऱ्या मोकळ्या ठेवा, कारण तटाच्या माथ्यावर साचलेलं पाणी सगळ्यात जास्त नुकसान करतं. पिंपळ-उंबराची रोपं उपटू नका. मूळ ओढलं की त्याच्याबरोबर दोन दगड येतात. फांदी कापा आणि मूळ मारायचं काम जाणकारावर सोडा. दर महिन्याला ठरलेल्या जागेवरून तटाचा फोटो काढा, पावसाळ्याआधी आणि नंतर तर नक्की. पाच वर्षांचे असे फोटो दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती आले तर त्याचं निम्मं काम होतं. आजोबांकडून किल्ल्याच्या जुन्या आठवणीही लिहून घ्या, कुठे तट उंच होता, कुठली विहीर वापरात होती, कुठला दगड कधी पडला.

आणि पडलेले दगड उचलून एका कोपऱ्यात रचू नका, मुलांना हे सगळ्यात आधी सांगा. दगड जिथे पडला तिथेच राहू द्या. शक्यतो खडूने त्याच्यावर आकडा घाला आणि फोटो काढून ठेवा. घडीव दगडाचं एक अंग गुळगुळीत आणि एक खडबडीत असतं, बाजूंना चुन्याचे डाग असतात. तो कुठे आणि कुठल्या कुशीवर पडलाय त्यावरून कुठल्या थरातून निसटला ते सांगता येतं. एकदा हलवला की मग तो नुसता दगड.